लाकडी डोक्याची उंची

८ जानेवारी

टिटवे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उचलला असतास तरी हे फोनवर बोलता आलं नसतं. आपल्या घरात फोनला आवाज नीट येतो तो फक्त पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी, आणि तिथे तुझी काकू दिवसभर विगांचे केस विंचरत बसलेली असते. हात केसांत आणि कान माझ्याकडे.

आशीर्वाद लिहायचे राहिले. रागाने ते आटत नाहीत, तेव्हा आहेत असं धर. तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसात जाऊन मी त्याची चौकशी केली, त्याचा तुला अजून राग आहे. चौकशी म्हणजे आरोप नव्हे, एवढंच मी तेव्हा म्हणत होते. तू दारात चपला घालता घालता म्हणालीस, "आई, तुला माणसांपेक्षा केस बरे. त्यांच्यावर संशय घेता येत नाही." चुकलीस. केसांवरही घेता येतो. मागे एक माणूस लांबसडक केस म्हणून घोड्याची शेपटी विकायला आला होता, ती मी नुसत्या वासावरून ओळखली.

आता मुद्द्याचं. गेले काही आठवडे मला चक्कर येते. घर गरगर फिरतं तशी नाही. जमिनीची एक बाजू कुणीतरी हळूच उचलावी तशी. त्याआधी डोकं दुखायला लागतं. मागून सुरू होतं, कवटी संपते तिथून, आणि चढत चढत उजव्या डोळ्यामागे येऊन ठाण मांडतं. हे होतं कधी, तर दुपारचा चहा झाल्यावर तासाभराने. सकाळी उठताना असतं, पण थोडं. दुपारचा चहा तुझी काकू करते.

मी फक्त लिहिते आहे. अर्थ तू काढ.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलात गेले होते. तिथल्या बायकांचे केस औषधांनी गेलेत, त्यांच्या डोक्यांची मापं घ्यायची होती. अख्खा दिवस उभी होते, कँटीनचा चहा दोनदा प्यायले, आणि डोकं कसं लख्ख! घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी परत तेच. म्हणजे दोष चहाचा नाही. चहा करणाऱ्या हाताचा आहे, असं मी म्हणत नाही.

आणखी एक. माझ्या टेबलावरचं लाकडी डोकं, ज्यावर जाळी ताणून मी एकेक केस गाठवते, त्याच्या स्टँडचा स्क्रू मी माझ्या हाताला सोयीचा ठेवते. खाली, जवळजवळ मांडीच्या पातळीला, म्हणजे कपाळाच्या ओळीतली बारीक गाठ वरून दिसते. तर रोज सकाळी ते डोकं मला वर सापडतं. मी खाली करते, दुसऱ्या सकाळी पुन्हा वर. घरात आम्ही दोघीच. लाकडी डोकं आपलं आपण उठून बसत नाही.

तुझी,
आई

१९ जानेवारी

टिटवे,

तुझं उत्तर नाही. पण परवा तू तिला फोन केलास. मला कळलं, कारण तिचा आवाज मऊ झाला. माझ्याशी बोलताना तिचा तो आवाज कपाटात असतो.

मी दाराआड उभी नव्हते. मला त्या दारातून जायचं होतं, एवढंच. ती म्हणत होती, "नको, तिला इतक्यात काही बोलू नकोस. आणखी बिथरेल. मी बघते काय करायचं ते." मग मी आत गेले, तर लगेच, "बरं बरं, थंडी कशी आहे तिकडे?"

"कोणाचा फोन?" मी विचारलं.

"लेकीचा."

"कोणाच्या लेकीचा?"

तुझी काकू केसांची बट फणीत अडकवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आता तेही विचारणार का, जाऊबाई?"

उत्तर नव्हे हे. तू शाळेतून यायचीस तेव्हा दप्तर तिच्या मांडीवर टाकायचीस, कारण माझ्या मांडीवर कुणाचं तरी डोकं असायचं. हे मला ठाऊक आहे. कुणाला तरी पोटासाठी गाठी माराव्याच लागणार होत्या. तुझे बाबा गेले, तुझे काका घर सोडून गेले ते गेलेच, आणि सासूबाईंनी आम्हा दोघींना शिकवलेलं एवढं एकच काम हाताशी होतं. मी गाठवायचं, तिने केस धुवायचे, निवडायचे, आणि तुला सांभाळायचं. अशी वाटणी झाली. कुणी केली ते आठवत नाही.

या आठवड्यात माझी उशी बदललेली निघाली. माझी जाड उशी गेली आणि जागी एक पापडासारखी चपटी. "ती उसवली होती, शिवायला काढलीय," म्हणाली. मी तिच्या कपाटात पाहिलं. उशी धडधाकट होती. आता त्या चपटीखाली दोन घडीच्या चादरी घालून डोकं पुन्हा पूर्वीएवढं उंच ठेवते आहे.

मी दोन गोष्टी केल्या आहेत, तुला सांगून ठेवते. एक, माझं काम मागच्या सामानाच्या खोलीत हलवलं. तिथे टेबल मावत नाही, म्हणून स्टँड काढून टाकला आणि लाकडी डोकं सरळ मांडीवर घेऊन बसते. उजेड कमी आहे, वाकावं लागतं, पण दाराला आतून कडी आहे. दुसरी, तिचा चहा मी पीत नाही. घेते, "ठेव तिथे" म्हणते, आणि ती गेली की जाळी रंगवायच्या पातेल्यात ओतते. तुला आठवत असेल ते पातेलं. पांढरी जाळी कातडीच्या रंगाची दिसावी म्हणून आपण ती कोऱ्या चहाच्या पाण्यात भिजवतो. चहात चहा. कुणाला दिसणार!

चक्कर थांबलेली नाही. उलट वाढली. म्हणजे ती आता दुसऱ्या कशात तरी घालत असणार.

आई

२ फेब्रुवारी

टिटवे,

हे अक्षर बघून घाबरू नकोस. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. काल केस गाठवायचा हूक तीनचारदा हातातून गळला. मांडीवरच्या त्या अर्धवट कपाळावर टिपं पडली तेव्हा मला कळलं की मी रडते आहे. हात गेला तर मी काय उरले?

म्हणून आता सरळ लिहिते. या महिन्याच्या आत तू तिला तुझ्याकडे घेऊन जा. तुझी माया आहे ना तिच्यावर, मग ने. नाहीतर मी तिला जायला सांगेन. तिला जायला दुसरी जागा नाही हे मला माहीत आहे. म्हणून तर तुला आधी सांगते आहे.

आणि काल जे झालं तेही लिहावं लागेल.

हॉस्पिटलातल्या एका मुलीसाठी जाळी भिजत घातली होती. लग्न ठरलेली मुलगी आहे, डोक्यावर एक केस नाही. तुझ्या काकूने जाळी पातेल्यातून काढली, पिळली, नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग सामानाच्या खोलीच्या दाराशी आली. कडी होती. बाहेरूनच म्हणाली,

"जाऊबाई, या जाळीला दुधाचा वास येतोय."

मी हूक चालवत राहिले.

"कोऱ्या चहात दूध कुठून आलं?"

मी म्हणाले, "सांडला असेल कप."

"आणि साखर? चिकट झालीय सगळी."

मला वाटलं गेली. मग आवाज आला, अगदी हळू. "कधीपासून ओतताय?"

मी कडी काढली नाही.

आज दुपारी चहा घेऊन आली. दार वाजवलं, मी उघडलं. कप माझ्या हातात देण्याआधी तिने तो स्वतःच्या तोंडाला लावला, एक घोट घेतला, गिळला, मला दिसेल असा गिळला, आणि मग कप पुढे केला.

आई

११ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "आई, मानेचा फोटो काढ." ना प्रेमाने, ना रागाने. डोकं दुखतं म्हणून मी तुला चार पानं लिहिली आणि तू मानेचं उत्तर देतेस! मानेचा शब्दही मी काढला नव्हता. मागची सगळी पत्रं मनात घोळवून पाहिली. डोकं लिहिलं, डोळा लिहिला, बोटं लिहिली. मान नाही. मग मान तुला कुणी सांगितली? तुमचं दोघींचं आधीच ठरलं आहे. आधी मान म्हणायचं, मग वय म्हणायचं, मग "तुला आता जमत नाही" म्हणायचं, आणि मग माझं टेबल काढून घ्यायचं.

घोटाचं अजून चालू आहे. सकाळी आणि दुपारी. आता जेवणाचंही. माझ्या ताटातला एक घास ती उभ्या उभ्या खाते आणि मग ताट ठेवते. मी तिला म्हणाले, "नाटकं पुरे."

"नाटकं नाहीत. सोय आहे," ती म्हणाली. "तुम्ही जेवता तरी."

एक घोट घेऊन काय सिद्ध होतं, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. एका घोटाने काय होणार? रोज थोडं थोडं घातलं तर घेणाऱ्यालाही थोडंच. असं मी कालपर्यंत म्हणत होते. पण टिटवे, कप हातात आला की त्याच्या काठावर ओठांचा ओलावा असतो. त्या जागेवरून मी पिऊ शकत नाही आणि कप फिरवूही शकत नाही. ती समोर उभी असते. मी पिते. आठ दिवसांत मला चहाची चव लागलेली नाही.

फोटो मी काढणार नाही.

आई

२० फेब्रुवारी

टिटवे,

तुला फोनवरून कळलंच असेल मी पडले ते. पण तिने सांगितलेलं वेगळं आणि माझं वेगळं असू शकतं, म्हणून लिहिते. बोटं धरत नाहीत, तेव्हा थोडं थोडं.

वरच्या फळीवरचा पिंगट केसांचा डबा काढत होते. मान मागे टाकून वर पाहिलं, आणि जमिनीने एकदम दगा दिला. मी मागे गेले ते आठवतं. डोकं आपटल्याचं आठवत नाही, कारण ते आपटलंच नाही. तुझ्या काकूचा हात मध्ये आला. ती एवढ्या जवळ काय करत होती, हे मी शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही स्टुलावर चढलात की मी मागे येऊन उभी राहते. बरेच दिवस झाले. तुम्ही वळून बघत नाही, वळलं की दुखतं तुम्हाला." तिचं मनगट सुजलं होतं.

डॉक्टरीणबाई माझ्याएवढ्याच आहेत, तोंडाने फटकळ. त्यांनी रक्त घेतलं, कान तपासले, रक्तदाब उभ्याने आणि आडव्याने घेतला, मानेचे फोटो काढायला लावले, आणि मग त्या मोठ्या बोगद्यासारख्या मशीनमध्येही घातलं. सगळे कागद आल्यावर बोलावलं. तुझी काकू बाहेर बाकावर बसली होती. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "रक्तात काही सापडलं का?"

"म्हणजे काय?"

"कुणी काही घातलेलं. रोज थोडं थोडं."

त्यांनी चष्मा काढला. "सापडलं ना. हिमोग्लोबिन कमी सापडलं. ते कुणी घातलेलं नाही, तुम्ही खात नाही म्हणून आहे." मग हसू आवरून म्हणाल्या, "कोणावर संशय आहे?"

मी दाराकडे पाहिलं. दार नीट लागलं नव्हतं. फटीतून तिच्या पातळाचा काठ दिसत होता. ती उठून पुढे गेली नाही आणि मागेही झाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्याच्या काचेवर लावला. मला माझी मान पहिल्यांदा दिसली. त्या म्हणाल्या, मणक्यांमधल्या गाद्या झिजल्यात, दोन मणके एकमेकांवर बसू पाहताहेत, कडांना हाडाची टोकं आलीत आणि त्यातलं एक शिरेवर दाबतंय. म्हणून बोटांना मुंग्या. मागचे स्नायू सगळा भार ओढून धरतात, ते आखडले की दुखणं कवटीवर चढून डोळ्यामागे येतं. चक्करही तिथूनच येत असावी, बाकीची कारणं आम्ही पाहिली, त्यातलं काही नाही. "दुपारीच जास्त होतं, नाही? सकाळपासूनचं वाकणं साठतं तोवर. सकाळी होत असेल तर उशी जाड असेल."

मग विचारलं, "काम काय करता? कसं बसता?"

मी सांगायच्या आत दार उघडलं. तुझी काकू उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "हनुवटी छातीला लावून बसतात. मी रोज ते लाकडी डोकं वर करून ठेवायचे, या रोज खाली करायच्या, आता तर मांडीवरच घेतात. उशी बदलली, तर खाली चादरी घातल्या. सांगितलं तर ऐकणार नाहीत म्हणून सांगितलं नाही. त्यांच्या लेकीलाही म्हटलं, मान दिसते गं मला समोरून, दर थोड्या वेळाने दाबत असतात."

"मग तुम्हीच आधी का नाही आणलंत यांना?"

"यांना आणायचं?" ती म्हणाली. "यांना माझ्या हातचा चहा चालत नाही, डॉक्टर कसा चालेल?"

डॉक्टरीणबाई हसल्या. आम्ही दोघी हसलो नाही.

आई

६ मार्च

टिटवे,

मी जे मागितलं होतं ते मला मिळतं आहे. शनिवारच्या बसचं तिकीट तिने काढलं. तुझ्याशी बोलून काढलं, हेही सांगितलं, या वेळी लपवलं नाही. मी म्हणाले, "आता कशाला? आता तर सगळं कळलं."

तेव्हा ती सांडशीने पातेलं धरून उभी होती. म्हणाली, "तुम्हाला कळलं हो. माझं काय? मी साखर घालायला जाते आणि हात थांबतो. वाटतं, बघताय. तुम्ही आत झोपलेल्या असता तरी वाटतं. मी काही घातलंय की काय, असं माझं मलाच वाटायला लागलंय, जाऊबाई. मला जरा दुसऱ्या घरात चहा करू द्या."

मी "बरं" म्हणाले.

स्टँड आता टेबलावर परत बसवला आहे, तिने ठरवलेल्या उंचीवर. गाठ समोर डोळ्यांच्या रेषेत येते. सुरुवातीला काही दिसत नव्हतं, आता दिसतं. त्या लग्न ठरलेल्या मुलीचा विग निम्मा झालाय. थोडं काम, मग उठायचं, खांदे फिरवायचे, असं फिजिओथेरपीवाल्या बाईने लिहून दिलंय. डोकं अजून दुखतं, पण पायरी पायरीने चढत नाही. चक्कर क्वचित. बोटांना वेळ लागेल म्हणाल्या.

त्या बाईने एक साधं काम घरच्यांसाठीही दिलं. ओढायचं नाही, वळवायचं नाही, नुसतं आडवं व्हायचं आणि कुणीतरी दोन्ही तळहात डोक्याखाली धरायचे. डोक्याचं वजन त्या हातांत सोडून द्यायचं. तिथे दवाखान्यात मला ते जमलं नाही. ती सारखी म्हणे, "सोडा, आजी, तुम्ही धरून ठेवलंय." आजी म्हणाली, त्याचाच राग येऊन मान आणखी ताठ झाली.

काल दुपारी तुझी काकू बॅग भरत होती. भरता भरता आली आणि म्हणाली, "चला, तुमचं ते डोक्याचं करू. शनिवारनंतर करायला कोण आहे?"

मी पलंगावर आडवी झाले. ती उशाशी बसली. तिचे हात खाली आले. केस धुऊन धुऊन खरखरीत झालेले तळवे, मला त्यांची ओळख असायला हवी होती. ती म्हणाली, "सोडा."

"सोडलंय."

"कुठलं? मी हात काढला तर तसंच अधांतरी राहील." मग थोड्या वेळाने, "एवढी डोकी धरली मी आयुष्यात. सगळी लाकडी. तुमचं काही वेगळं निघेना."

मला हसू आलं. हसू येऊ नये म्हणून दाबायला गेले आणि ते जास्तच आलं. आणि त्यात कधीतरी, मी न ठरवता, माझं डोकं तिच्या हातांत गेलं. ती लगेच म्हणाली, "बाई गं! केवढं जड आहे हे!" मला तिचा चेहरा दिसत नव्हता. तिला माझा उलटा दिसत असणार.

मला झोप लागली, टिटवे. उठले तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं होतं आणि हात तिथेच होते. "काढायचे होतेस की," मी म्हणाले. "मुंग्या आल्यात," ती म्हणाली, "थांबा, आधी तुमचं डोकं खाली ठेवू द्या."

मी तिला राहा म्हणाले नाही. या मानेपायी राहिली तर ती माझ्या दुखण्यासाठी राहील, आणि मग मी तेही तपासत बसेन. मला माझी ओळख पटायला लागली आहे.

शनिवारी ती उतरेल तेव्हा वेळेवर जा. तिचं डावं मनगट अजून जड आहे, बॅग तिला उचलू देऊ नकोस. झोपायला खिडकीची जागा दे. पहिल्या दिवशी ती चहा करते म्हणेल, करू दे. साखर किती म्हणून विचारू नकोस, आधी कोणाला द्यायचा तेही सांगू नकोस. आणि ती चहा करत असेल तेव्हा, टिटवे, तिच्याकडे पाठ करून बस.

तुझी,
आई